घरची चोळी : खण, कसुती आणि टाके

मुंबई सरकारने १८८४ साली बेळगाव, धारवाड व विजापूर या तीन जिल्ह्यांचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. सरकारी नोकरीतील माझ्यासारख्या माणसाला या जाडजूड खंडांचे मोठे आकर्षण असते. त्यांत विणकर आहेत, रंगारी आहेत, शिंपी समाजाचे वर्णन आहे. परंतु दुपारची जेवणे आटोपल्यावर माजघरात बसून आपली व मुलींची चोळी बेतणारी बाई धंद्याच्या रकान्यात बसत नाही. ज्या कामाची मजुरी नाही त्याची नोंद नाही, असा दप्तराचा स्वभाव. त्यामुळे घरगुती शिवणाचा इतिहास लिहायचा तर कागद बाजूला ठेवून कापडाकडेच वळावे लागते.

आपल्या घरांत ओटी भरताना खण व नारळ देतात. तो खण त्रिकोणी घडीचा असतो, हे सर्वांनी पाहिले आहे. खण म्हणजे नुसते कापड नव्हे. एका चोळीला पुरेल एवढा तो तुकडा आहे. देणारी कापड देते आणि शिवण्याचे काम घेणारीवर सोपवते. म्हणजे ज्या काळी ही रीत पडली त्या काळी चोळी घरीच बेतली जाणार हे गृहीत होते, असे मला वाटते. मराठी स्त्रीच्या सौभाग्याशी जोडलेल्या या वस्त्राचे मोठे केंद्र मात्र कन्नड मुलखातले गुळेदगुड्ड. हे गाव पूर्वी विजापूर जिल्ह्यात होते. १९९७ पासून बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील विणकरांच्या खड्ड्याच्या मागांवर तीस-एकतीस इंच पन्ह्याचे, बारीक बुट्टीचे व दोन्ही बाजूंना काठ असलेले हे कापड निघते. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य, हा येथे विषय नाही. पण खणाने ती सीमा कधी मानली नाही एवढे खरे.

पन्हा अरुंद असल्याने बेतणी काटकसरीची असे. काठ बाहीच्या कडेला यावा, बुट्टी पाठीवर सरळ राहावी आणि चिंधी उरू नये, या तीन अटी एकाच वेळी पाळायच्या. विणलेले उभे-आडवे कापड ताणले जात नाही, आणि चोळी तर अंगाबरोबर बसायला हवी. आजच्या होजिअरीच्या कपड्याला ही अडचण नाही; त्याची वीणच फाशांची असल्याने तो आपोआप ताणतो. जुन्या बायकांनी ही गरज उरेब कापून भागवली. कापड तिरके धरले की त्याला थोडी ओढ मिळते. काखेत तिरका तुकडा बसवला की हात वर केला तरी शिवण उसवत नाही. पुढे गुंडी नाही, हूक नाही. दोन टोकांची गाठ मारायची. बाई अशक्त झाली, बाळंत झाली, वयाने भरली तरी तीच चोळी गाठ मागेपुढे करून चाले. ही भूमिती कोणी वहीत लिहून ठेवली नव्हती. जुनी चोळी उसवून तिचे तुकडे नव्या खणावर ठेवले की नमुना तयार.

शोभेचे काम म्हणजे कसुती. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी या शब्दाची फोड सांगतात. धारवाड-बेळगाव भागात इरकली लुगड्याच्या पदरावर, काळ्या चंद्रकळेवर, खणाच्या चोळीवर आणि लहान मुलांच्या कुंचीवर ही भरत असत. टाके चार : गवंती, मुरगी, नेयगे आणि मेंथी. नावे सारी कन्नड. मेंथी म्हणजे मेथी, हा फुलीचा टाका. नेयगे म्हणजे विणणे. छाप उमटवायचा नाही, कापडाचे धागे मोजायचे. खरी कसोटी गवंतीची. एक टाका भरून एक जागा रिकामी सोडत पुढे जायचे आणि त्याच वाटेने परत येताना रिकाम्या जागा भरायच्या. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन यांपैकी कोणतीही आकृती काढताना सुई कोठून जाईल व कोठून परतेल हे आधी मनात ठरलेले हवे. गाठ मारायची नाही, म्हणून उलट व सुलट बाजू सारखीच दिसते. हे काम निरक्षर बायका करीत होत्या. त्यांना गणित येत नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

यंत्राने यात काय बदल केला? सिंगरचे पेटंट १८५१ चे. १८५६ पासून त्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केली आणि यंत्र सामान्य घरांपर्यंत पोचले. एकोणिसावे शतक सरताना ते हिंदुस्थानातही रुळले होते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सेवासदन उभे राहिले. तेथे शिवणाचे वर्ग चालत, आणि माजघरातल्या या विद्येला मजुरीची, म्हणजे स्वावलंबनाची जोड मिळाली. १९३० च्या दशकात कलकत्त्याला उषा यंत्रे बनू लागली. तोवर गाठीच्या चोळीची जागा पोलके व झंपर यांनी घेतली होती. झंपर हा इंग्रजी जंपरचा अपभ्रंश. विलायतेत तो बहुधा लोकरीचा विणलेला, आपल्याकडे सुती कापडाचा झाला. घरचे शिवण संपले नाही, पण बेतणी बदलली. कटोरी आली, टक्स आले, हुका आल्या. गाठ गेली आणि तिच्याबरोबर ती सैलघट्ट होण्याची सोयही गेली.

अलीकडे खणाला पुन्हा दिवस आले आहेत. त्याच्या साड्या निघतात, कुर्ते निघतात. पुष्कळसा माल यंत्रमागावरचा असतो आणि तो शिंप्याकडे जातो.

आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकांत अजून एखादी जुनी चोळी असेल. ती उलटी करून शिवण उजेडात पाहावी. दोन्ही बाजूंना सारखी टीप असेल आणि धागे दोन असतील, तर ती यंत्रावरची. उलट बाजूला साखळी दिसली तर बहुधा एकदोऱ्याच्या जुन्या यंत्राची. तिचे टोक ओढू नये, सगळी शिवण उसवते. सुलट बाजूला बारीक टीप आणि उलट बाजूला एकमेकांवर चढलेले लांबट टाके दिसले, तर ती हाताने शिवलेली आहे. घरात कोणाला ठाऊक असेल, तर ती कोणी शिवली ते एका चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवावे.