आपल्या वाटीतील परदेशी फळे

अलीकडे शहरांतील उपाहारगृहांत आणि हळूहळू आपल्या घरांतही एक नवा पदार्थ दिसू लागला आहे. गोठवलेली केळी, आंबा, पपई किंवा अननस यांचा घट्ट लगदा मिक्सरमध्ये वाटून तो वाटीत काढतात, वर फळांच्या फोडी, दाणे, खोबरे पेरतात आणि चमच्याने खातात. त्याला स्मूदी बाऊल असे इंग्रजी नाव आहे. नाव ऐकून घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “हे परदेशी थेर आपल्याला कशाला?” तर तरुणांना वाटते की, हा पदार्थ आपल्या पूर्वजांना ठाऊकच नव्हता. इतिहासाची पाने उलटली तर दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे ठरते. या वाटीत आपले काय आणि परके काय, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वाटीचा विचार करू. फळ दुधादह्यात कालवून, दाट करून खाण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. केळ्याचे शिकरण ठाऊक नसलेले मराठी घर विरळाच. ‘शिकरण’ हा शब्द संस्कृत ‘शिखरिणी’ या शब्दावरून आला असे मानले जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नविषयक भागात पाणी निथळलेल्या दह्यात साखर व सुगंधी द्रव्ये घालून केलेल्या शिखरिणीचे वर्णन आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते आपल्या मराठवाड्याच्या दक्षिण सीमेला लागून आहे. म्हणजे आपल्या श्रीखंडाची आणि शिकरणाची पूर्वज असलेली ही वाटी निदान नऊशे वर्षे या भूमीत नांदत आहे. आमरसाची गोष्टही तशीच. गावरान रायवळ आंबे पाण्यात भिजवून, माचून, पिळून काढलेला रस आणि त्याबरोबर पोळी हे मराठवाड्यातील उन्हाळ्याचे मुख्य जेवण होते. तो रस पेल्याने पिण्याचा नसून वाटीतून खाण्याचा असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

आता वाटीतील फळांकडे वळू. आंबा आणि फणस हे भारताचे. केळे मूळचे आग्नेय आशियाच्या पट्ट्यातील, पण भारतात ते इतके प्राचीन आहे की त्याला परके म्हणता येणार नाही. पण अननस, पपई, पेरू, सीताफळ, रामफळ, चिकू आणि काजू ही सारी अमेरिका खंडाची लेकरे आहेत. ती पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांबरोबर आशियात आली. शब्दच त्याची साक्ष देतात. ‘अननस’ आणि ‘काजू’ हे ब्राझीलमधील तुपी भाषेतील शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले. ‘पपई’ हा पोर्तुगीज ‘पपाया’. ‘पेरू’ हे नाव पोर्तुगीज भाषेत नासपतीला असलेल्या ‘पेरा’ या शब्दावरून किंवा पेरू या देशावरून आले असे सांगतात. ‘चिकू’ची नाळ मेक्सिकोतील जुन्या भाषेशी जुळते. महाराष्ट्रात चिकूची बाग डहाणूजवळ घोलवड येथे १८९८ साली लागली आणि २०१६ साली त्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सीताफळाची कथा अधिक रंजक आहे. सीता आणि राम यांची नावे धारण करणारी फळे परदेशी कशी असतील, असा प्रश्न कोणालाही पडेल. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तर भरहुत व मथुरा येथील शिल्पांत सीताफळ दिसते, असे एकोणिसाव्या शतकात मांडले होते. वनस्पतिशास्त्राने मात्र त्याचे मूळ उष्ण अमेरिकेतच ठेवले आहे. लोकांनी त्याला इतके आपलेसे केले की, त्याचे बारसे थेट रामायणातील नावांनी झाले. बालाघाटच्या डोंगरात ते रानोमाळ वाढले आणि बीडच्या सीताफळालाही २०१६ साली मानांकन लाभले.

ही फळे आली कधी? इसवी सन १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात आली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात त्याचा भारतीय औषधी व वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्यात आंब्यावर आणि केळ्यावर स्वतंत्र संवाद आहेत. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो कौतुकाने सांगतो. पुढे १५७८ साली क्रिस्तोवाँव द कोश्ता याने अननस व काजू यांचे वर्णन केले. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने पपई फिलिपिन्स व मलाक्का या मार्गाने भारतात आल्याचे नमूद केले आहे. फळांचा हा प्रवास इतका वेगवान होता की अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त अननस आढळतो आणि जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तात लिहितो की, फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते.

परभणीच्या वाचकाला ओर्ता आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशहा याचा तो वैद्य व स्नेही होता. या निजामशाही घराण्याचे मूळ आपल्या जिल्ह्यातील पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्यात होते, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. पूर्वजांचे गाव म्हणून बुऱ्हाणने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, ती मिळेना तेव्हा युद्ध केले आणि १५१८ साली ती घेतली. गोदाकाठच्या पाथरीचा वारसा सांगणारा सुलतान आणि लिस्बनहून आलेला वैद्य यांची मैत्री जमावी आणि त्यातून दख्खनच्या औषधींचे ज्ञान युरोपात पोहोचावे, हे मोठे नवलच!

या वैद्याचा शेवट मात्र आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. ओर्ता हा सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुदी घराण्यातील. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायसभेने, त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० साली ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून त्यांनाही अग्नी देण्यात आला. ज्याने या भूमीची फळे जगाला समजावून सांगितली, त्याला परका ठरवणारे आपल्याच धर्मातील लोक होते. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या अशा असहिष्णुतेबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. गोव्याच्या येशूसंघीयांनी आंब्याची उत्तम कलमे बांधली, हापूस या नावाचा संबंध आफोंसो द आल्बुकेर्क याच्याशी जोडला जातो, हे आपण अभिमानाने सांगतो. मग इतिहासाचे हे दुसरे पानही आपणच वाचले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात फळबागांना बळ आले ते पाण्यामुळे. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच प्रकल्पातील सिद्धेश्वर धरणाने वसमत परिसर भिजवला. पुढे पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणी या भागांत आला. वसमत तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले. कालव्याच्या आधाराने ऊस आला, तशी केळीही आली. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. जुन्या आमराया मात्र बहुतेक गावांतून नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी केशर आंब्याची कलमे आली. हा केशर जुनागढचा. १९३४ साली तेथील नबाबाने त्याला हे नाव दिले. आता ‘मराठवाडा केशर’ म्हणून त्याला स्वतंत्र मानांकन आहे. पाहुणा घरचा झाला, त्याचे हे आणखी एक उदाहरण.

राहिला प्रश्न यंत्राचा. अमेरिकेत १९२२ साली पोलिश वंशाच्या स्टीफन पोप्लाव्स्की यांनी दुधाची पेये घुसळण्यासाठी भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसवले. १९३७ साली वेअरिंग यांचे यंत्र बाजारात आले. भारतीय स्वयंपाकघराचा जाच सोसेल असा मिक्सर मात्र १९६३पासून सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ या नावाने घडवला आणि पाटा-वरवंट्याचे, रवीचे व पुरणयंत्राचे पुष्कळसे काम त्याच्याकडे गेले. फळे वाटून वाटीत खाण्याची आजची पद्धत ब्राझीलची. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील आसाई नावाच्या ताडवर्गीय झाडाची फळे तेथील लोक पूर्वीपासून कसाव्याच्या पिठाबरोबर व माशांबरोबर खात. १९८०च्या दशकात रिओ द जानेरो शहरात कुस्तीगीर तरुणांनी तोच गर गोठवून, केळे घालून वाटीत खाण्याची प्रथा रूढ केली. त्याला पोर्तुगीज भाषेत ‘आसाई ना टिजेला’, म्हणजे ‘वाटीतील आसाई’, म्हणतात. चार शतकांपूर्वी ज्या ब्राझीलने आपल्याला अननस आणि काजू दिले, त्याच ब्राझीलने आता वाटीही पाठवली आहे!

ही वाटी घरी करणे अवघड नाही. चार माणसांसाठी साल काळवंडू लागलेली तीन पिकली केळी घ्यावीत. त्यांच्या चकत्या करून ताटलीत सुट्या पसराव्यात आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. तितक्याच आंब्याच्या फोडीही गोठवाव्यात. सकाळी मिक्सरमध्ये या फोडी व अर्धी वाटी चक्का घालून थांबून थांबून वाटावे. पाते अडले तर दोन-तीन चमचे दूध घालावे, अधिक नको. येथेच बहुतेकांची वाटी पातळ होते. केळ्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते. गोठल्यावर त्याचे बारीक स्फटिक होतात आणि केळ्यातील पेक्टिन त्यांना धरून ठेवते, म्हणून लगदा चमच्यावर उभा राहतो. बाहेरचे पाणी वा दूध घातले की ही पकड सुटते. साखर लागत नाही, कारण केळे पिकताना त्यातील पिठाची साखर झालेलीच असते. वरून डाळिंबाचे दाणे, भाजलेले शेंगदाणे, सुके खोबरे, चिकूच्या फोडी घालाव्यात. अननस घालायचा असेल तर आधी शिजवून गार करावा. कच्च्या अननसातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिनांचे तुकडे करते आणि सारे कडू होते. आपल्या आजीबाई दूध व आंबट फळे एकत्र करू देत नसत. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही तसा निषेध आहे. ज्यांना तो पाळायचा आहे, त्यांनी चक्का वगळावा. केवळ केळे व आंबा यांचीही वाटी घट्ट होते. शीतकपाट नसेल तर माठाशेजारी गार केलेला आमरस घट्ट चक्क्यात कालवावा. तीच आपली जुनी शिखरिणी.

परदेशी बेरी आणि महागड्या बिया यांच्यावाचून ही वाटी अपुरी राहते, असे कोणी सांगितले तर मानू नये. बाजारात भाव पडला की, आपल्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याची केळी बांधावर कुजतात आणि त्याच दिवशी शहरातील दुकानात दूरदेशीच्या गोठवलेल्या फळांना वाट्टेल ती किंमत मिळते. मुलांना घट्ट, गार, गोड खाऊ हवा असेल तर तो गावच्या बाजारातील फळांतून देणे हे आरोग्याचेही आहे आणि शेजारधर्माचेही.

शेवटी पुन्हा त्या ‘परदेशी थेर’ या शब्दांकडे येऊ. आपल्याकडे उपवासाच्या फराळात बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि साबुदाणा असतात. यातील प्रत्येकाचे मूळ पीक अमेरिकेतून आलेले आहे. तरी त्यांना कोणी परके म्हणत नाही. उलट, अन्य धान्य वर्ज्य असते त्या दिवशी तीच चालतात. येथे रुजणे, येथल्या पाण्यावर वाढणे आणि येथल्या माणसांच्या भुकेला उपयोगी पडणे हीच आपलेपणाची कसोटी समाजाने फळांना लावली. मराठी ख्रिस्ती माणसाला ‘तुम्ही बाहेरचे’ असे अधूनमधून ऐकावे लागते. त्याची भाषा मराठी, शेत येथले, पूर्वजांच्या कबरी येथल्या. पेरूला आणि सीताफळाला लावलेली कसोटी त्यालाही लावली तर उत्तर काय येईल, हे सांगण्याची गरज नाही. पण ओर्ताच्या अस्थी आठवून आपणही ही कसोटी दुसऱ्यांना लावताना हात आखडता घेऊ नये. आपल्या वस्तीत नवे आलेले कुटुंब, परप्रांतातून कामासाठी आलेला मजूर, वेगळ्या धर्माचा शेजारी यांच्यापुढे आपली वाटी ठेवण्याआधी मूळ गाव विचारण्याचे कारण नाही.