इंग्रजी क्रियापद आणि मद्रासचा मराठी माणूस

मद्रासच्या किल्ल्यात १७९४ साली मायकेल टॉपिंग या ज्योतिर्विदाच्या सूचनेवरून भूमापनाची एक लहानशी शाळा निघाली. आठ मुलांनिशी सुरू झालेल्या या शाळेचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि १९२० साली ते गिंडीस आले. आज गिंडीत बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांना हा इतिहास ऐकून ठाऊक असतो. मात्र ही शाळा निघाली त्याच सुमारास, त्याच मद्रासेत, एक मराठी मुलगा इंग्रजी शिकत होता, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. तो तंजावरच्या गादीचा वारस सरफोजी होय. भाऊबंदकीच्या भयाने त्यास १७९३ मध्ये मद्रासेस आणले होते, आणि श्वार्ट्झ व गेरिके या मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण चालले होते. १७९८ मध्ये तो गादीवर बसला. मद्रासेत इंग्रजी क्रियापदे चालविणाऱ्या मराठी माणसांच्या अगदी पहिल्या ओळीत असा एक राजा उभा आहे.

‘क्रियापद चालविणे’ हा शब्दप्रयोग आता शाळांतून जवळजवळ गेला. एकेकाळी त्याला मोठा दरारा होता. १७९५ साली लिंडली मरे या अमेरिकेतून येऊन यॉर्क येथे स्थायिक झालेल्या वकिलाने तेथील एका मुलींच्या शाळेसाठी इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि पुढे ते इंग्रजी राज्यात सर्वत्र गेले. त्यात ‘लव्ह’ हे नियमित क्रियापद पाच अर्थांतून व सहा काळांतून चालवून दाखविले आहे. वास्तविक इंग्रजीतील नियमित क्रियापदाजवळ भांडवल किती? वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. चार रूपे, बस्स. मग पानेच्या पाने भरणारे ते कोष्टक कशाचे? ‘शॅल’, ‘विल’, ‘हॅव’, ‘हॅड’, ‘मे’, ‘शुड’ अशा साहाय्यकांना पुढे करून, लॅटिनच्या जुन्या साच्यात ही चार रूपे पसरलेली होती. घर लहान आणि खोल्यांना नावे राजवाड्यातील, असाच तो प्रकार म्हणावयाचा.

हे कोष्टक मुंबईस पोचले तेथे मात्र निराळेच घडले. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांनी १८३६ साली आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढे एका बाजूस संस्कृत परंपरा होती, तर दुसऱ्या बाजूस इंग्रजी व्याकरणाची मांडणी. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे आपल्या व्याकरणात रूढ झालेले ‘अर्थ’ याच दुहेरी वारशाचे फळ आहे. परक्या साच्यात आपले क्रियापद बसविण्याचा उद्योग अर्थात त्याहून जुना. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे कोंकणी व्याकरण गोव्यात रायतूर येथे १६४० मध्येच छापले गेले होते. परंतु दादोबांनी हा उद्योग मराठी मुलांसाठी मराठीत केला.

साचा परका म्हटला की काही गोष्टी त्यात मावत नाहीत. ‘तू येतास तर बरे होते’ यातील ‘येतास’ या एका रूपाचे काम करावयास इंग्रजीला तीन शब्द लागतात. ‘मुलांनी लवकर उठावे’ यातील ‘उठावे’ला त्या भाषेत स्वतःचे रूपच नाही, ‘शुड’ला हाक मारावी लागते. आणि उंबरठ्यावर उभे राहून आपण ‘मी चाललो’ म्हणतो ते रूप भूतकाळाचे, माणूस मात्र अजून घरातच असतो. १९११ साली आलेल्या मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या थोर ग्रंथाची गरज अशाच अडचणींतून उत्पन्न झाली.

मद्रासकडे हे घडले नाही. सरफोजीने तंजावरास देवनागरी छापखाना घातला. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या; म्हणजे आरंभ तर मुंबईच्याही आधीचा! पण १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि मराठीचा आश्रय तुटला. दोनच वर्षांनी मद्रास विद्यापीठ निघाले. तंजावरी मराठ्यांची हुशार मुले इंग्रजीकडे वळली होतीच. त्यांतील सर्वांत तेजस्वी म्हणजे सर टी. माधवराव (१८२८–१८९१). मद्रासेत पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकलेला हा गृहस्थ त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. मुंबईत इंग्रजी क्रियापदाने मराठीला व्याकरण दिले. मद्रासेत त्याने मराठी माणसाला दिवाणगिरी दिली. कोणता सौदा चांगला, हे ज्याचे त्याने ठरवावे. तंजावरी घराण्यांत मराठी तगली ती शाळेच्या बळावर नव्हे, स्वयंपाकघराच्या बळावर.

आज गिंडीत वाढणाऱ्या आपल्या मुलांची गतही बरीचशी तशीच आहे. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, घरी मराठी. चालल्याचे सांगताना तमिळ मुलगा ‘नडंदेन’ म्हणतो, मुलगीही ‘नडंदेन’च म्हणते. इंग्रजीत दोघांचेही ‘आय वॉक्ड’. ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या क्रियापदांत तमिळ भेद करते, ‘मी’च्या क्रियापदात करीत नाही. आपण मात्र ‘मी चाललो’ आणि ‘मी चालले’ असा भेद प्रथम पुरुषातही पाळतो. दोन भाषांनी न शिकविलेली ही गोष्ट तिसरीने एकटीने शिकवावयाची, म्हणून इकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात आणि पुण्याहून आलेल्या आज्या कपाळाला हात लावतात. आजी कोल्हापूरची असली तर प्रश्नच मिटतो. तिकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘मी आलो’च म्हणत आल्या आहेत.