दातेप्रमाण (बिनगिअरची माउंटन सायकल)

दातेप्रमाण : पुढच्या चेनव्हीलच्या दात्यांना मागच्या फ्रीव्हीलच्या दात्यांनी भागून येणारा आकडा. पायडलच्या एका फेरीत मागचे चाक किती फेरे घेते, ते यावरून कळते. 32 आणि 16 दात्यांच्या जोडीचे प्रमाण 2 येते. प्रमाण वाढले की सायकल जड होते आणि सपाटीवर वेग धरते; घटले की हलकी होऊन चढ काढते. बिनगिअरच्या सायकलीला वाटेत हा आकडा बदलता येत नाही, म्हणून तो वाट पाहून ठरवावा लागतो.

परिसर : सोनाळा (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. दक्षिणेला पूर्णा खोऱ्यातली काळी सपाट जमीन, उत्तरेला डोंगर आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पातले अंबाबरवा अभयारण्य (1997). अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. पुढील विवेचन पायथ्याच्या रस्त्यांपुरते आहे.

हिशेब : 26 इंची चाकाचा घेर रुंद टायरसह सुमारे 2.07 मीटर भरतो. 32/16 च्या जोडीने पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 4.1 मीटर पुढे जाते. मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी 20 किमी.च्या आसपास वेग मिळतो. 29 इंची चाक मोठे असल्याने तेवढेच अंतर 32/18 ने पडते. 28 इंची साध्या सायकलीला 44/18 ची जोडी सर्रास असते; तिचे प्रमाण 2.44 आणि एका फेरीचे अंतर जवळपास साडेपाच मीटर. डांबरी सपाटीवर कॅरिअरला ओझे बांधूनही ती चालते. गोट्यांच्या चढावर मात्र तीच जोडी स्वाराला सीटवरून उठवते आणि शेवटी खाली उतरवते.

दाते मोजणे अवघड वाटल्यास जमिनीवर मोजावे. व्हॉल्व्ह अगदी खाली आणून तिथे खडूची रेघ मारावी, पायडल बरोबर एक फेरी उलटे फिरेल इतकी सायकल मागे ढकलावी आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईल त्या प्रत्येक जागी रेघ मारून चाकाचे फेरे मोजावे. चाकाचा राहिलेला अर्धापाव फेराही अंदाजाने धरावा.

निवड : 26 इंचीसाठी 2 आणि 29 इंचीसाठी 1.8 च्या आसपास आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्यानंतर रोजच्या वाटेतला सर्वांत वाईट चढ नेहमीच्या ओझ्यासह चढून पाहावा. सपाटीवर पाय रिकामे फिरल्याने थोडा वेळ जातो. चढावर पाय अडला तर सायकल हातात धरून चालावे लागते. म्हणून शंका असेल तिथे हलकी जोडी घ्यावी.

बदल मागच्या बाजूने करणे स्वस्त पडते. 16 चे फ्रीव्हील काढून 17 चे बसवणे म्हणजे पुढचे साधारण दोन दाते कमी करणे. पायडलच्या जोराने फ्रीव्हील हबवर घट्ट आवळले जाते. ते काढायला त्याच्या खाचांचा रिमूव्हर आणि लांब पाना लागतो.

चेन : फ्रीव्हील बदलले की चेनची लांबी पुन्हा पाहावी. मागचे चाक सरकवून मधोमध सुमारे अर्धा इंच ढील ठेवावी. ज्या फ्रेममध्ये चाक सरकत नाही, तिथे टेन्शनर लावावा लागतो. चेनव्हील व फ्रीव्हील एका रेषेत नसतील तर चेन उतरते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि मडगार्डमध्ये भरून चाक जाम होते. तो दातेप्रमाणाने सुटणारा प्रश्न नाही. मडगार्ड आणि टायर यांत मोकळी जागा हवी.

गुडघे : जड जोडीने गुडघ्यांना त्रास होतो, असे बरेच जण सांगतात, सीटची उंची आणि सवय यांचाही त्यात वाटा मानला जातो.

इतिहास : माउंटन सायकल 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात घडली, आरंभीच्या अनेक सायकली बिनगिअरच्याच होत्या.