डावी पुडी कुठे गेली?

गेल्या वर्षी चैत्रात मुलाने नांदेडहून दोन टॉवर स्पीकर आणले. कमरेच्या वर उंची, पुढे दोन-दोन वूफर, मागे तळहाताएवढे गोल भोक. त्यांच्यावर मला एकच गोष्ट ऐकायची होती, 1987 सालच्या सप्ताहात भरलेली एक कॅसेट. कनेरगाव नाक्याच्या आमच्या भजनी मंडळात वडील पखवाज वाजवत, आणि त्यांच्या वादनाची ही एवढीच खूण घरात उरली आहे. वडील जाऊन सतरा वर्षे झाली. मुलाने कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती. लावली. टाळ लख्ख ऐकू आले, चाल धरणाऱ्यांचे गळे ओळखू आले, उजव्या पुडीचे बोल मोजून घ्यावेत इतके स्वच्छ होते. डावी पुडी मात्र नाही. वडील जणू एका हाताने वाजवत होते.

याच कॅसेटमध्ये, जुन्या टू-इन-वनवर, डावा हात ऐकू यायचा अशी माझी पक्की आठवण होती. मग वीतभर डबड्याला जे जमत होते ते या एवढ्या थोरल्या खोक्यांना का जमू नये? मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. अशा प्रश्नाशी आमची गाठ पडली की आम्ही आधी वायर तपासत नाही, आधी पुस्तक काढतो. त्या सवयीमुळे दोन दिवसांचे काम वर्षभर चालले. पण खालचा सूर यंत्रातून घरात यायला किती वेळ लागला आणि वाटेत तो कुठे कुठे सांडला, याचा इतिहास त्यामुळे हाती लागला.

आमचे गाव हिंगोली आणि वाशीम या जिल्ह्यांच्या, म्हणजेच मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवर आहे. स्वातंत्र्यापर्यंत अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले, त्यामुळे टाळ-मृदंग इथे कुणाला शिकवावा लागत नाही. वडीलधाऱ्यांना विचारले तर गावात यंत्रातून आलेला पहिला आवाज म्हणून बहुतेक जण लग्नातला भोंगा सांगतात. आता या भोंग्यातून खालचा सूर निघणेच शक्य नव्हते. कर्ण्याच्या तोंडाचा घेर निदान आवाजाच्या लहरीच्या लांबीएवढा असावा लागतो. सेकंदाला 50 कंपनांच्या सुराची लहर जवळपास सात मीटर लांब असते. म्हणजे तेवढ्या सुरासाठी दोन मीटरहून अधिक रुंद तोंडाचा भोंगा हवा, तो कडुनिंबाला बांधायचा म्हटला तर कडुनिंबच खाली यायचा. आपल्या दोन फुटी भोंग्यात पखवाजाची उजवी बाजू पोचे, डावी मांडवातच राही. मांडवात बसलेल्यांना ती हवेतून थेट ऐकू येई, म्हणून कुणाची तक्रार नसे. शेतात बसून ऐकणाऱ्याला मात्र भजन म्हणजे टाळ आणि गळा.

ग्रामोफोनची गोष्टही याहून निराळी नाही. 1902 साली फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरवले. तेव्हा गाणारा कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ ओढी. या पद्धतीत अदमासे 250 ते 2,500 कंपनांपर्यंतचे सूर उतरत. डग्ग्याचा मूळ सूर याच्या कितीतरी खाली. म्हणून त्या काळच्या तबकड्यांवर तबला असला तरी चाटेचा कटकट आवाज येतो, घुमारा येत नाही. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवांसारखा तबलिया साथीला होता. नाट्यगृहात बसून ज्यांनी त्यांचा बायाँ ऐकला ते एक, आणि तबकडीवरून गाणी पाठ करणारे गावोगावचे दुसरे. एकाच संगीताचे हे दोन श्रोतृवर्ग होते आणि दुसऱ्याला आपण काय ऐकले नाही याचा पत्ताही नव्हता.

1925 साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा आराखडा मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला कागदी शंकू. अजूनही तेच आहे. पण शंकू पुढे सरकून समोरची हवा दाबतो तेव्हा त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची दाबलेली आणि मागची विरळ हवा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि मिटतात. बारीक सुरांची लहर लांडी असते, तिला वळायला सवड मिळत नाही. खालच्या सुराची लहर लांब, ती निवांत वळते. म्हणून नुसता उघडा स्पीकर हातात धरला तर तो डासासारखा गुणगुणतो. एका फळीला भोक पाडून त्यावर बसवा, लगेच अंगात भरतो. माझ्या शाळेत हा प्रयोग मी पुठ्ठ्यावर करून दाखवत असे. मुलांना भिंगापेक्षा तो अधिक आवडायचा.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे खोके मागून उघडे असे. आजोबांचा रेडिओ मातीच्या जाड भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. तो बाहेर काढून टेबलावर ठेवला की परभणी केंद्र ‘पातळ’ बोलते, असे आजी म्हणायची. घरात तेव्हा याची थट्टा होई. कोनाड्यामुळे मागची हवा अडत होती. आजी बरोबर होती.

मागचा आवाज कोंडायचा की वापरायचा, यावर पुढची पन्नास वर्षे गेली. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास याने 1930 साली पेटंटसाठी अर्ज केला, 1932 मध्ये ते मिळाले. खोके बंद करा, पण त्याला एक भोक ठेवा. भोकातली हवा आणि आतली हवा मिळून एका ठरावीक सुराला झुलते आणि मागची लहर पुढच्या लहरीच्या बाजूने बाहेर पडते. आमच्या टॉवरच्या पाठीवरचे भोक ते हेच. 1954 मध्ये एडगर विल्चर याने उलट वाट धरली, खोके पूर्ण बंद केले आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. भोकाचे गणित मात्र बराच काळ अंदाजपंचे चालले होते. ते 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील याने नीट सोडवले, तिकडच्याच एका नियतकालिकात छापले आणि जगाने त्याकडे जवळपास दहा वर्षे पाहिलेच नाही. शिवेवरच्या गावात राहणाऱ्याला याचे नवल वाटत नाही.

आमच्या नाक्यावरच्या रेडिओ मेकॅनिकने थीलचे नाव ऐकले असण्याची शक्यता शून्य. पण ऐंशीच्या दशकात तो गिऱ्हाइकांना पाण्याच्या माठावर स्पीकर बसवून द्यायचा. माठ नवा, चांगला भाजलेला लागे. तोंडाशी बोटभर फट ठेवावी लागे. पूर्ण लिंपला की माठ मुका होतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. हा प्रकार एकट्या आमच्या गावचा नव्हे, त्या काळी पानटपरीपासून रसवंतीपर्यंत कुठेही माठ गात असत. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने 1863 च्या आपल्या ग्रंथात पोकळ भांड्यातल्या हवेच्या ज्या सुराचा हिशेब मांडला, तोच हा सूर. माठाचा दोष एवढाच की त्याला एकच सूर येतो, कोणतेही गाणे लावा, घुम् घुम्.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी आमच्या स्पीकरच्या मागे वाकलो. पाठीवरच्या भोकांत फडकी कोंबलेली होती. पाल आत जाते म्हणून सौभाग्यवतींनी ती खबरदारी घेतली होती. फडकी काढली, थोडा फरक पडला. वूफरच्या कडा दाबून पाहिल्या. जुन्या स्पीकरमध्ये कडेचा फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, इथे तसे काही नव्हते.

मग वायर. डाव्या कोपऱ्यापर्यंत कंपनीची वायर पुरली नव्हती म्हणून मी घरातली साधी दोन पदरी वायर जोडली होती, दोन्ही पदर एकाच रंगाचे. पेन्सिल सेल घेतला. अॅम्प्लिफायरकडची टोके सोडवून त्यांना सेल क्षणभर टेकवला, जे टोक लाल खुणेत होते त्याला धन बाजू. उजव्या स्पीकरचे वूफर बाहेर आले. डाव्याचे आत गेले. जोड देताना मी पदर उलटे बांधले होते. राइस आणि केलॉग यांना एका शंकूच्या पुढच्या-मागच्या बाजूंनी जो त्रास दिला होता, तोच मी दोन खोक्यांमधून घरात उभा केला होता. एक हवा दाबत होता तेव्हा दुसरा ओढत होता. भजनाची कॅसेट मोनो, दोन्हीकडे आवाज तंतोतंत सारखा, त्यामुळे वजाबाकीही चोख झाली. 80 कंपनांच्या सुराची लहर सव्वाचार मीटर. दोन मीटरवर उभे असलेले स्पीकर तिच्या दृष्टीने एकाच जागी आहेत, म्हणून ती मिटली. टाळांची लहर काही सेंटिमीटरची, ती खोलीत विखुरते, मिटत नाही. वर्षभर पुस्तके वाचणाऱ्या विज्ञानाच्या मास्तराने उलटी वायर जोडली होती, ही गोष्ट मी मुलाला अजून पूर्ण सांगितलेली नाही.

पदर सुलटे केले आणि खोली भरली. त्यानंतर खुर्ची हलवली. आमची बैठक 12 फूट बाय 10 फूट. 12 फुटांत 47 च्या आसपासच्या आणि 10 फुटांत 56 च्या आसपासच्या सुराची अर्धी लहर मावते. अशा सुराचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य असतो. मी दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर म्हणून नेमका मधोमध बसत होतो. खुर्ची भिंतीला टेकवली. आणखी एक, मी रात्री हळू आवाजात ऐकत असे. आवाज लहान झाला की कान खालच्या सुरांना सर्वांत आधी सोडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवले आहे. जुन्या डेकवरचे ‘लाउडनेस’ हे बटण त्यासाठीच असायचे. आता मी दुपारी ऐकतो.

बाजारातल्या इतर कोणत्याही गाण्यात डग्गा पोटात जाणवू लागला. वडिलांची कॅसेट लावली. डावी पुडी आली, पण आठवणीतल्या तोलाची नाही. वरातीच्या गाडीतल्या आवाजाने आमच्या गल्लीतली शटरे थरथरतात आणि त्यातला दहावा भागही मला या एका पुडीसाठी मिळू नये, याची चीड आली.

इथे तपास यंत्राकडून कानाकडे वळला. 1987 मध्ये टेप मांडवात एका खांबाशी ठेवला होता. त्याचा माइक आतच बसवलेला, वाटाण्याएवढा. अशा टेपमध्ये खालचे सूर आधीच गाळलेले असत आणि आवाज वाढला की यंत्र आपोआप सगळेच दाबून धरी. डाव्या पुडीचा मूळ सूर फितीवर फारसा चढलाच नव्हता. मग टू-इन-वनच्या चार इंची स्पीकरवर मी काय ऐकत होतो?

याचे उत्तर टेलिफोनमध्ये आहे. जुना टेलिफोन 300 कंपनांच्या खालचे काही पाठवत नसे, पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर 120 च्या आसपास. तरी आपण वडिलांना फोनवर बायकी आवाजात बोलताना कधी ऐकले नाही. मूळ सूर गेला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपसूर उरतात आणि त्यांच्यावरून मन मूळ सूर भरून काढते. झेबेकने 1841 मध्ये हे दाखवले तेव्हा कुणी फारसे मनावर घेतले नाही. 1940 च्या सुमारास हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत शाउटेनने ते पुन्हा पुढे आणले. पण उपसूर अशा पटींत असतील तरच हे जमते. साध्या ढोलाचे उपसूर बेहिशेबी असतात. आपल्या मृदंगाचे आणि तबल्याचे तसे नाहीत. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये आणि पुढे 1934 च्या सविस्तर निबंधात दाखवले की मधली शाई पुडीचे उपसूर ओढून पटींत आणून बसवते. डाव्या, कडेला शाई असलेल्या डग्ग्यावर 1957 मध्ये बंगळूरच्या बी. एस. रामकृष्ण यांनी स्वतंत्र काम केले. पखवाजाच्या डाव्या पुडीला शाईऐवजी भिजवलेली कणीक असते. ती वडील भजनाच्या आधी आईकडून मागून घेत, थापत, वाजवून पाहत, चिमूटभर काढत.

टू-इन-वनचा चिमुकला स्पीकर ताणला गेला की स्वतःचेही उपसूर मिसळायचा आणि कानाला भरून काढायला आणखी आधार व्हायचा. शिवाय तेव्हा खरी पुडी दर एकादशीला कानावर पडत होती. नवे टॉवर स्वच्छ आहेत, ते पदरचे काही घालत नाहीत. फितीवर जेवढे आहे तेवढेच देतात.

मंडळातले एक टाळकरी अजून आहेत, नव्वदीला टेकलेले, कानाने थोडे मंद. श्रावणात त्यांना घरी आणले, भिंतीशी खुर्चीवर बसवले आणि कॅसेट लावली. चौथ्या अभंगाला त्यांनी डावा पंजा गुडघ्यावर ठेवला आणि जिथे मला काहीच ऐकू येत नव्हते तिथेही तो नेमका पडत राहिला.

“हात तं त्याचाच हाय,” ते म्हणाले. “कणीक जरा जास्त झालती त्या दिवशी.”

डाव्या वायरच्या एका पदराला मी आता लाल दोरा बांधून ठेवला आहे.