तळटीप : कळंब्याहून हायकोर्टाला अर्ज

कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहातल्या कैद्याला मारहाणीविरुद्ध थेट हायकोर्टात दाद मागता येते. हा मार्ग एका पत्राने रुंद केला. तिहारमधल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याने, पैशांसाठी दुसऱ्या कैद्याचा छळ करणाऱ्या वॉर्डरबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना लिहिले. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानले (निकाल १९७९). अशा कैद्याला मिळणाऱ्या नुकसानभरपाईचा पाया सुप्रीम कोर्टातल्याच रुदुल शाह खटल्याने (१९८३) घातला. पण कैद्याचा अर्ज एरवी तुरुंगाच्या कचेरीतूनच बाहेर पडतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच साहेबांच्या टेबलावरून, आणि खरी अडचण इथेच आहे. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू होईपर्यंत सुनावणीसाठी नातेवाइकांना मुंबई गाठावी लागे.