गादी शिवणाऱ्यांची उमेदवारी

गादी हा शब्द नागपूरकरांस नवा नाही. येथे भोसल्यांची गादी होती आणि 1854 साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गादीवर बसणाऱ्यांविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले. गादी शिवणाऱ्यांविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे. आज आम्ही या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे श्रीमंतांच्या मोटारीतील चामड्याच्या बैठकीचा आणि ती शिवावयास शिकणाऱ्या पोराचा विचार करणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु कोणते काम कोणी शिकावे, हा आपल्या समाजाचा जुना प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम शब्द पाहू. आज 'उमेदवार' म्हटले की निवडणुकीला उभा राहिलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मूळ फारसी अर्थ आशा धरून असलेला माणूस. कचेरीत जागा मिळेल या आशेने बिनपगारी खर्डेघाशी करणारा तो उमेदवार आणि उस्तादाच्या हाताखाली हत्यारे पुसत काम शिकणारा तोही उमेदवारच. तेव्हा उमेदवारी म्हणजे उमेद धरून केलेली चाकरी. पण उमेद धरावयाची तर पुढे दार उघडे असावे लागते. आमच्या विवेचनाचा सारा रोख या दारावर आहे.

आता कामाकडे वळू. पहिल्या मोटारी म्हणजे घोडे सोडलेल्या बग्ग्याच होत्या. रोल्स-रॉईसचा कारखाना बरीच वर्षे यंत्र आणि सांगाडा तेवढा देई. वरची गाडी लंडनच्या बार्कर, हूपर यांच्यासारखे जुने बग्गीवाले बांधीत. म्हणून बग्गीच्या गादीची विद्या जशीच्या तशी मोटारीत आली. शिकाऊ पोराला आधी सुई मिळत नाही. आधी कातडे वाचावे लागते. काट्याचा ओरखडा, गोचिडीचा डाग, जुन्या जखमेचा वण हे सारे बोटांनी चाचपून खडूने खुणावयाचे. पाठीचे कातडे घट्ट व एकसारखे, पोटाचे सैल व ताणणारे. म्हणून बसण्याची जागा पाठीतून काढावयाची आणि पोटाचा भाग आडबाजूला लावावयाचा. मग फर्मे असे मांडावयाचे की डाग टळावा आणि तुकडाही वाया जाऊ नये. शिवणीच्या कडा पातळ तासावयाच्या, नाहीतर जोड फुगतो. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो. चामड्यात सुईने पाडलेले भोक बुजत नाही. पूर्वी गादीत स्प्रिंगा व घोड्याचे केस भरीत, पुढे फोम आला. पण खोळ चढविण्याची कसोटी तीच राहिली. सैल राहिली तर सुरकुती पडते, फाजील ताणली तर शिवण जाते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. तो वर्षे घालवून हातात मुरतो.

आपल्याकडे ही विद्या नव्हती काय? रापी आणि आरी ही हत्यारे आपल्या चर्मकारांच्या हाती पिढ्यान् पिढ्या होती. कड तासणे, मेणविलेल्या दोऱ्याने शिवणे, कातड्याची पाठ-पोट ओळखणे हे त्यांना बाळकडूच होते. ढोर समाज बाभळीच्या सालीने व हिरड्याने कातडी कमावीत असे. आमच्याच मध्यप्रांताच्या जंगलांतला हिरडा विलायतेच्या चर्मालयांत जाई, आणि व्यापारात त्याची एक प्रत जबलपूरच्या नावानेच ओळखली जाई. अर्थात माल समुद्रापार गेला. तो वापरणारा हात मात्र गावकुसाबाहेरच राहिला.

येथे विलायतेतील एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. 1878 साली लंडनमध्ये कॉनली नावाच्या दोन भावांनी जोडे दुरुस्तीचे दुकान काढले. जोड्यांवरून ते बग्गीच्या चामड्याकडे आणि तेथून मोटारीकडे वळले. पुढे रोल्स-रॉईस आणि जग्वारच्या गाद्यांना कॉनलीचे चामडे म्हणजे प्रतिष्ठेची खूण ठरली. जोडे शिवणाऱ्याचा हात राजेरजवाड्यांच्या मोटारीपर्यंत पोहोचला आणि त्याला कोणी जात विचारली नाही. वर्गभेद तिकडेही तीव्र होता, हे खरे. पण चामड्याला हात लावल्याने माणूस विटाळतो, ही कल्पना तेथे नव्हती. आपल्या संस्थानिकांनी त्या मोटारी हौसेने मागविल्या. चामड्याच्या गादीवर बसताना विटाळ झाला नाही. चामडे कमावणाऱ्याच्या सावलीचा मात्र होत असे!

ही विसंगती ओळखणारे राजेही होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अस्पृश्यांना माहूत आणि गाडीवान नेमले. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान घालून दिले आणि आपली गाडी दुकानापुढे थांबवून तेथला चहा घेतला. हेच शाहू महाराज 1920 च्या मे महिन्यात नागपुरास भरलेल्या बहिष्कृतांच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्ष होते.

पुढे छत्तीस वर्षांनी याच शहरात धर्मांतराचा सोहळा झाला. दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. आंबेडकरांनी केलेल्या भाषणात मेलेली गुरे ओढण्याचा विषय निघाला. हे काम सोडल्याने शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब कोणी 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा की, ज्यांना यात लाभ दिसतो त्यांनी हे काम खुशाल करावे, वर आणखी पाचशे आपण देऊ. आमच्या समजुतीप्रमाणे हा टोला श्रमाला नव्हता, जन्माने लादलेल्या सक्तीला होता. सक्तीच्या कामात उमेद नसते, म्हणून त्याला उमेदवारी म्हणता येत नाही.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. 1850 च्या कायद्याने अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकण्यासाठी उस्तादाकडे करार करून बांधून देण्याची सोय केली. स्वतंत्र भारताने तो रद्द करून 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला; त्यात विद्यावेतन आले, ठरीव अभ्यासक्रम आला, परीक्षा व प्रमाणपत्र आले. 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. विद्या घराण्यातून निघून कागदावर आली, हा मोठाच बदल होय. तथापि या कायद्याने शिकाऊ हा कामगार नव्हे असेही ठरविले, आणि शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे सरसकट बंधन मालकावर घातले नाही. शिवाय कायद्याची नजर मुख्यतः मोठ्या कारखान्यांवर असते. रस्त्याकाठच्या दुकानात रेक्झिनच्या सीटा शिवावयास शिकणारा मुलगा आजही बहुधा जुन्याच रीतीने शिकतो. हाताला विद्या येते, पण खिशात कागद येत नाही.

श्रोतेहो, गाद्या गेल्या, संस्थाने गेली. राहिला तो टाका घालणारा हात. उद्या आपण मोटारीच्या सीटवर टेकाल तेव्हा तिची एक शिवण बोटाने चाचपून पाहावी, आणि ती घालणाऱ्याला आपण काय देतो, हे स्वतःस विचारावे. मजुरी तर द्यावीच. त्याबरोबर प्रमाणपत्र, मान आणि पुढे जाण्याचे दार ही तिन्ही मिळाली, तरच त्याच्या उमेदवारीत खरी उमेद राहील.