वाकड्या पावलाचा इतिहास

विक्रोळीतील आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा एक कामगार रडवेला होऊन आला. नवजात मुलाची दोन्ही पावले आत वळलेली होती. ‘सुनेने ग्रहण पाळले नाही,’ असा बोल घरातून लागला होता आणि बायको माहेरी निघाली होती.

श्रोतेहो, ग्रहणाचा आणि पावलाचा काडीइतका संबंध नाही. सुमारे हजार अर्भकांत एकाला हे व्यंग असते; मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट. आईच्या माथी ते मारण्यास कसलाही आधार नाही.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस ह्याच्या परंपरेने सांगून ठेवले, की पाऊल लवकर, हलक्या हाताने वळवावे व पट्ट्यांनी बांधावे. १८३१ साली जर्मनीत स्ट्रोमायर ह्याने टाचेची शीर लहानशा छेदातून सोडविली. स्वतः पायाने अधू असलेला इंग्रज डॉक्टर लिटल १८३६ साली त्याच्याकडून बरा झाला आणि १८४० साली त्याने लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी रुग्णालय काढले.

पुढे मोठ्या शस्त्रक्रियांचा काळ आला. पाऊल सरळ दिसे. पण मोठेपणी ते ताठरे, ठणके. हे ओळखले पोनसेटी ह्यांनी. स्पेनच्या मिनोर्का बेटावरील घड्याळजीचा हा मुलगा. यादवी युद्धातील जखमींची शुश्रूषा करून देशोधडीला लागला व १९४१ साली अमेरिकेतील आयोवा येथे पोचला. दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून प्लास्टर घालावयाचे, अशी पाच-सहा प्लास्टरे. मग बहुधा टाचेच्या शिरेला छोटा छेद. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. परंतु जगाने ते मानावयास तीसेक वर्षे लागली. घड्याळजीच्या हाताची किंमत सुरीपुढे उशिरा कळली.

आता २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ह्या व्यंगाची तपासणी होते. उपाय आहे, अडते ते अन्यत्र. प्लास्टरानंतर दांडीचे बूट तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग चार वर्षांचा होईतो झोपेत घालावे लागतात. ते सुटले, की पाऊल पुन्हा वळते. आणि प्रत्येक फेरीला मजुराचा एक खाडा पडतो!

त्या कामगाराच्या सोबत्यांनी पाळ्या बदलून घेतल्या. बायको परत आली, पोर चालू लागले. परंतु मुलाचे पाऊल सोबत्यांच्या भलेपणावर का अवलंबून असावे? उपचाराच्या दिवशी आईबापांची मजुरी बुडता कामा नये, ही मागणी आम्ही बोनसाइतकीच मोठी मानतो.